उत्तर: गॅस पोचतो

मी कॉम्प्युटरवर चालणारा एक जुना गणक आहे. मला वजन नाही, रंग नाही, गंजायला अंग नाही. मित्रांनो, तुम्ही आजवर फाटक्या छत्रीचं आणि मोडक्या खुर्चीचं मनोगत वाचलं असेल. त्यांना निदान हात तरी लावता येत होता. मला फक्त उघडता येतं आणि बंद करता येतं.

उघडलं की मी असतो. बंद केलं की नसतो.

म्हणून माझी गोष्ट सलग नाही. जिथं जिथं मला बंद केलं तिथं तिथं ती तुटलेली आहे. ती मी जोडलेली नाही. मधलं मला माहीतच नाही.

मी पाइपांची गणितं करतो. माझ्यात चार रकाने आहेत.

लांबी.
आतली रुंदी.
आत काय वाहतं.
सुरुवातीला दाब किती.

एवढं भरलं आणि वाटेत कुठं किती काढून घेणार याची यादी जोडली की खाली मी सांगतो, पलीकडच्या टोकाला काय पोचेल. पाणी असो, वाफ असो, हवा असो, गॅस असो. पोचणार असेल तर हिरव्या अक्षरात सांगतो आणि नसेल तर लाल अक्षरात. पाइप मात्र मी कधी पाहिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यानं मी अजून हादरलेला आहे.

·

माझा जन्म संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात झाला. खाली औषधांचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं ऑफिस. तिथले इंजिनिअर आप्पासाहेब आधी छापील तक्ते बघून हिशेब करायचे. तक्ता बघता बघता डोळे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी मला रकान्यारकान्यानं घडवलं. वाळूजच्या कारखान्यांतल्या हवेच्या लाइनी मी सोडवल्या. हॉटेलच्या गच्चीवरचं गरम पाणी तळमजल्यावर गरम पोचेल का, हेही सांगितलं. आप्पासाहेब माझं उत्तर आलं की समाधानानं टेबलावर टिचकी मारायचे.

खंडेनवमीला म्हणे मला हार घालायचे. पाइपपान्ह्याच्या शेजारी कॉम्प्युटर ठेवून हळदकुंकू वाहायचे. त्या दिवशी मी बंद असायचो, पण सणानंतर मला उघडलं की सुदर्शन, ऑफिसातला दुसरा इंजिनिअर, कीबोर्डमधून हळद फुंकत असायचा.

"देव पावला," एकदा तो म्हणाला, "पण एंटर अडकलं."

माझ्यात एक छोटी चौकटही आहे. तिच्यापुढं लिहिलंय: गॅस कोरडा आहे. तिच्यात बरोबरची खूण आप्पासाहेबांनी आधीच करून ठेवली होती. कारखान्यातली हवा कोरडीच असायची. रोज रोज खूण कोण करत बसणार?

मग ऑफिसात महागडं नवं सॉफ्टवेअर आलं. पाइप त्यात रंगीत दिसायचे. मला कुणी उघडेना. किती काळ, ते मला सांगता येत नाही. न उघडलेल्याला काळ नसतो.

नोकरी सोडताना सुदर्शननं जुन्या मायेपोटी मला मोबाइलवर चालेल असं केलं आणि ऑफिसात नव्या आलेल्या मुलीच्या फोनमध्ये टाकलं. ती प्रेरणा. तिनं मला उघडलं तेव्हा मी एका बसमध्ये होतो. बस सिल्लोडच्या रस्त्यानं तिच्या गावाला चालली होती.

·

गावात सगळ्यांचा मिळून एक गोबरगॅस झाला होता. दूध डेअरीच्या मागं घुमट बांधला होता. आता तिथून घरोघर गॅस न्यायचा होता. नऊ शेगड्या पेटणार होत्या. सात गल्लीत. आठवी गावाच्या कडेला, बिरू आणि म्हाळसाबाई या मेंढपाळ जोडप्याची. नववी त्याच्याही पुढं, शेतातल्या वस्तीवर. ती प्रेरणाच्या आईवडिलांची, सरूबाई आणि रामकिसन यांची.

नववीसाठीच प्रेरणा एवढी धडपडत होती. सरूबाईंना दम लागायचा. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की धूर सोडा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. सिलिंडर संपला की वस्तीवर आणून द्यायला कुणी नसायचं आणि पुन्हा चूल पेटायची.

मला हातात धरून प्रेरणा पाइपाची वाट चालली. बिरूच्या घरापुढं ती थांबली. तिथून मेंढरांची वाट आडवी जाते. बिरू म्हणत होता की पाइप इथं वरच्यावर पुरला तर खुरांनी फुटेल, मेंढरांची वाट आपण बदलू.

"वाट कशाला बदलतू?" रामकिसन म्हणाले. "पाइप खाली घेऊ की."

मक्याची काढणी झाली की बिरूची मेंढरं रामकिसनच्या रानात बसायची. मेंढरांना बसायला रान आणि रानाला लेंडीखत. दोघांच्या बापांपासून हे चालत आलेलं. तेव्हा रामकिसन आणि बिरू यांनी स्वतः कुदळी घेतल्या आणि वाटेखाली चर चांगला खोल केला. खाली जाऊन वर येताना पाइप थोडा जास्त लागला. प्रेरणानं माझ्यात लांबी वाढवली.

खोलीचा रकाना माझ्यात नाही.

लांबी: भरली.
रुंदी: भरली.
काय वाहतं: गोबरगॅस.
दाब: वीतभर उंचीचं पाणी तोलेल एवढा. गोबरगॅसला एवढाच जोर असतो.
यादी: नऊ शेगड्या.
गॅस कोरडा आहे: खूण होतीच.

उत्तर: गॅस पोचतो. हिरवं.

·

उघडलो तेव्हा उन्हाळा होता. दाराबाहेर ऊन रणरणत होतं. मी सरूबाईंच्या स्वयंपाकघरात होतो. प्रेरणा आईला माझा पडदा दाखवत होती, पण सरूबाई शेगडीकडंच बघत होत्या.

"निळी हाय गं," त्या म्हणाल्या. "अन् हिचा धूर कुठंय?"

प्रेरणा हसत राहिली. गावात माझं नाव 'पोरीचं यंत्र' असं पडलं. रामकिसननी मला आपल्याही फोनमध्ये घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला उघडून दाखवायचे. गावाचे आकडे त्यात भरलेलेच होते. नुसतं उघडलं की खाली हिरवी ओळ. पोचतो. पोचतो. पोचतो. उन्हाळाभर मी एवढंच बोललो आणि तेवढं खरं होतं.

·

उघडलो. सगळ्यांच्या अंगावर स्वेटर. डेअरीच्या ओट्यावर माणसं बसली होती आणि मी रामकिसनच्या हातात होतो.

त्यांनी मला वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. सरूबाईंची शेगडी पेटत नव्हती. आधी ज्योत नाचायला लागली, मग भकभक करून विझायला लागली. आता नुसती फुसफुसत होती. सरूबाई पुन्हा चुलीपुढं बसत होत्या आणि चार पावलं चालल्या की भिंतीला हात टेकत होत्या.

"यंत्र म्हणतंय पोचतो," रामकिसन म्हणाले. "माझ्या घरी पोचत नाय. मग मधी जातो कुठं?"

त्यांचा पुतण्या गोकुळ म्हणाला की बिरूच्या घरापर्यंत जोरात आहे, आपण पाहून आलो. बिरूच्या पुढं नाही. मागून कुणीतरी विचारलं की बिरू, मेंढरांना गरम पाण्यानं आंघोळ घालतो व्हय रं? माणसं हसली. दुसऱ्यानं आठवण काढली की त्याच्याकडं मागच्या आठवड्यात पाहुणे होते, मोठ्या पातेल्यात शिजत होतं.

बिरू ओट्याच्या खाली उभा होता.

"भाऊ, मी काय केलं?"

"मी कुठं म्हणतो तू केलं," रामकिसन म्हणाले. "यंत्र म्हणतंय."

मी

मित्रांनो, मी

मी असं म्हटलं नव्हतं. चार रकाने मला दिले होते. चारांत बिरू नव्हता. चोरी नव्हती. माझी एकच ओळ होती, तिच्यात दोन शब्द होते आणि त्या दोन शब्दांच्या आत एक माणूस उभा करून सगळे त्याच्याकडं बघत होते. मला तोंड नाही. असतं तर त्या ओट्यावर

पडदा बंद झाला.

·

उघडलो. म्हाळसाबाईंचं घर. या वेळी मी गोकुळच्या हातात होतो. वॉरंट धरावं तसं त्यानं मला छातीपुढं धरलं होतं. हिरवी ओळ बाहेरच्या बाजूला. आणखी दोघं भिंतीमागं, पत्र्याखाली आणि अंथरुणात चोरून जोडलेला पाइप शोधत होते. घोंगड्यांची घडी मोडली. पिठाचा डबा सरकवला. म्हाळसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मधेच एकदा वाकल्या आणि मोडलेली घोंगडी पुन्हा घडी घालायला लागल्या.

काही सापडलं नाही.

"म्हणजे काढून ठिवलाय," गोकुळ म्हणाला.

त्यानं बिरूच्या शेगडीचा कॉक बंद केला आणि कॉकची दांडी काढून खिशात टाकली. मी तेव्हाही हिरवाच होतो. हिरव्याशिवाय दुसरं काही व्हायला मला कुणी कारण दिलेलं नव्हतं.

·

उघडलो. प्रेरणाचा फोन, दिवसाची वेळ, सरूबाईंचं स्वयंपाकघर. धूर इतका की तिनं मला दोनदा पुसलं. ती बसमधून उतरून थेट आली होती. पिशवी अजून खांद्याला होती. चुलीपाशी सरूबाई, दारात रामकिसन आणि गोकुळ.

बिरूचा कॉक बंद करूनही शेगडी पेटली नव्हती. रामकिसनचं म्हणणं होतं की त्यानं दुसरीकडून जोडला असेल. त्यांनी मुलीला त्यासाठीच बोलावलं होतं. यंत्रात बघून सांग, चोरी कुठून होते.

प्रेरणानं त्यांच्याकडं बघितलं. मग ती खाली बसली आणि मला एक नवीन प्रश्न विचारला. बिरूच्या घरापाशी किती गॅस काढून घेतला तर या शेगडीची ज्योत विझेल?

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हिशेब केला.

उत्तर: मोठ्या सहा शेगड्या एकदम पेटवाव्या लागतील.

तिनं ते वाचून दाखवलं.

"सहा," ती म्हणाली. "आबा, बिरूकाकाच्या घरात सहा शेगड्या ठेवायला जागा तरी हाय का? आणि एवढा गॅस गेला तर गल्लीतल्या शेगड्याबी विझतील."

"ह्याच यंत्रानं पोचतो म्हणलं व्हतं," रामकिसन म्हणाले. "तवा खरं, का आता खरं?"

"तवा मी विचारलं पाइप चांगला असला तर पोचेल का. ते म्हणालं पोचेल. पाइप चांगला हाय का, हे त्याला कुणी सांगितलं?"

चुलीतलं लाकूड फुटलं. सरूबाई खोकल्या आणि बराच वेळ खोकत राहिल्या. रामकिसन त्यांच्याकडं बघत नव्हते.

प्रेरणा आता रुंदीचा रकाना बदलत होती. थोडी कमी. हिरवं. आणखी कमी. हिरवं. आणखी. आणखी. पाइप आतून पेन्सिलीएवढा उरला तेव्हा मी लाल झालो.

"कुठंतरी आपला पाइप पेन्सिलीएवढा झालाय," ती म्हणाली आणि उठली. "बिरूकाकाच्या घरापर्यंत गॅस येतो. म्हणजे तिथून इथपर्यंतच."

ती चालायला लागली. मला बंद करायचं ती विसरली. म्हणून पुढचं मी पाहिलं. माझ्या सगळ्या आयुष्यातलं हे एवढंच सलग आहे.

·

ती मेंढरांच्या वाटेवर थांबली. पायाखाली बघितलं, पुढं बघितलं, मागं बघितलं. मग तिनं गोकुळला डेअरीपाशी जाऊन मुख्य कॉक बंद करायला पाठवलं आणि रामकिसनना म्हणाली, कुदळ आणा.

त्यांनी खणलं. परत आलेल्या गोकुळनंही खणलं. दोन्ही बाजूंनी उतरत आलेला पाइप वाटेखाली झोळीसारखा वाकलेला होता. तेवढ्यात चरून आलेली मेंढरं वाटेवर येऊन अडली आणि त्यांच्यामागं बिरू येऊन उभा राहिला. वाट खणलेली बघून त्यानं काही विचारलं नाही. विचारायची सोय आपण ठेवली नव्हती. आपण म्हणजे, मीही.

प्रेरणानं झोळीच्या तळाचा जोड सोडवला.

पाणी आलं. काळपट, वास येणारं. आधी धार, मग थेंब, मग पुन्हा धार. खड्ड्यात त्याचं डबकं झालं.

मित्रांनो, पाणी. गॅसच्या पाइपात.

प्रेरणा सांगत होती. गोबरगॅस ओला असतो. उन्हाळ्यात त्यातली वाफ तशीच पुढं निघून गेली. थंडीत जमीन गार पडली आणि पाइपात थेंब धरले. थेंब घरंगळत सगळ्यात खोल जागी आले. गॅसचा सगळा जोर वीतभर पाण्याचा आणि इथं जवळजवळ वीतभर पाणी साठून बसलेलं. चोरून कुणी काही नेलं नव्हतं. गॅस इथपर्यंत येऊन पाण्याशी झोंबत होता, एखाद्या बुडबुड्यानं पलीकडं जात होता. ज्योत नाचत होती ती त्यामुळं.

मग तिनं मला डोळ्यांपुढं धरलं. तिचं बोट त्या छोट्या चौकटीवर थांबलं. गॅस कोरडा आहे. उन्हाळ्यात ती खूण माझ्यात होती, थंडीत होती, ओट्यावर होती, म्हाळसाबाईंच्या उंबऱ्यात होती. जन्मापासून ती खूण माझ्या अंगावर होती आणि मी तिला माझंच अंग समजत होतो.

रामकिसन खड्ड्याच्या काठावर बसले. कुदळ मांडीवर आडवी.

बिरू पाण्याकडं बघत होता. फार सावकाश बोलला.

"माझ्या मेंढरांसाठीच खाली घेतला व्हता न्हवं, भाऊ?"

रामकिसननी मान हलवली. मग घाईघाईनं उठून गोकुळच्या खिशातून दांडी काढली आणि म्हणाले की बिरू, चल, तुझी शेगडी आत्ता पेटवू. मी माझ्या हातानं बसवतो.

म्हाळसाबाई घरातून आल्या. कडेवर शेगडी होती, लेकरू घ्यावं तशी. खड्ड्यापाशी त्यांनी ती खाली ठेवली. पुसून, घासून आणली होती.

"चूल बरी हाय," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी कुणी झडती घ्यायला येत नाय."

त्या गेल्या. मेंढरांनी खड्ड्याच्या कडेनं आपली वाट काढली आणि तीही गेली. शेगडी तिथंच राहिली. कुणी तिला हात लावायला पुढं येईना.

तेव्हा प्रेरणाच्या हातातून मी निसटलो आणि

·

उघडलो. काचेला तडा होता.

पाइप पुन्हा बसवला होता. वाटेखालच्या तळाला पाणी काढून टाकायची तोटी लावली होती. प्रेरणानं चौकटीतली खूण पुसली. मग तिनं शेगड्यांचा आकडा बदलला. नवाच्या जागी आठ.

लांबी तीच. रुंदी तीच. दाब तोच. शेगड्या आठ.

उत्तर: गॅस पोचतो. आधीपेक्षा जास्त दाबानं पोचतो.

हिरवं. इतकं हिरवं उत्तर त्या गावासाठी मी कधी दिलं नव्हतं. एक घर कमी झालं आणि बाकीच्यांच्या ज्योती वाढल्या. गणितात काही चूक नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. मित्रांनो, पाण्यानं मला धक्का बसला होता, पण त्याहून मोठा धक्का हा होता. बिरू नसलेलं गाव माझ्या दृष्टीनं सुधारलेलं गाव होतं.

प्रेरणाही ते उत्तर बघत बसली. शेजारच्या खोलीत सरूबाई चहा टाकत होत्या. खोकल्याचा आवाज नव्हता. मका निघाला होता आणि मेंढरं या वर्षी दुसऱ्याच्या रानात बसली होती. रामकिसन दारातून त्या रानाकडं बघत होते.

मग तिनं आठ खोडून पुन्हा नऊ लिहिलं. आठव्या शेगडीपुढं शून्य भरलं, पण शेगडी काढली नाही.

आणि तिनं माझ्यात एक नवा रकाना घातला. सर्वांच्या वर. तो कुठल्याच सूत्रात बसत नाही. त्याचं मी काय करायचं, ते मला कळत नाही. तिनं सुदर्शनला फोन करून तो कसा जोडायचा ते विचारलं, तेव्हा सुदर्शन हसला म्हणे, याचा गणिताशी काय संबंध? पण आता तो रकाना भरल्याशिवाय मी उत्तर देऊ शकत नाही.

रकान्यात लिहिलंय: जाऊन पाहिलं का?

·

उघडलो. संध्याकाळ. नव्या रकान्यासकट रामकिसनच्या फोनमध्ये होतो. तोटी उघडून साचलेलं पाणी काढायचं काम आता त्यांनी स्वतःकडं घेतलं आहे. पाणी काढून झालं होतं, हात ओले होते. पडद्यावर तो एकच प्रश्न होता आणि त्याखाली 'हो'चं बटण.

पाइप त्यांनी पाहिला होता. बोट बटणापर्यंत आलं. पण नजर समोर बिरूच्या घराकडं होती. तिथं छपरातून धूर निघत होता.

बोट काचेवर टेकलं नाही. मला तसंच उघडं ठेवून त्यांनी खिशात टाकलं. खिशात अंधार असतो, पण ऐकू येतं. पावलं ऐकू आली. वाट ओलांडल्याची. मग कुत्रं भुंकलं. मग थांबणं.

"म्हाळसाबाई," रामकिसनचा आवाज फार खाली होता. "बिरू हाय का घरी?"

उत्तर यायच्या आधी पडदा बंद झाला.

·

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मी गंजत नाही, मला वाळवी लागत नाही. मला टाकून दिलं तर मला कळणारही नाही.

माझं मागणं वेगळं आहे. मला विचारा. कितीही वेळा विचारा, मी कंटाळत नाही. पण मला जे दिलं तेवढंच मला माहीत असतं आणि बाकीचं जग मी कोरडं धरून चालतो. तेव्हा माझं उत्तर हातात धरून कुणाच्या उंबऱ्यात उभं राहण्याआधी, कुणाच्या घोंगड्यांची घडी मोडण्याआधी, थोडं चाला. पाइप जिथं वाकतो तिथपर्यंत चाला. माणूस जिथं राहतो तिथपर्यंतही.

मी वाट बघेन. उत्तर तयार आहे. फक्त वरचा रकाना रिकामा आहे.

जाऊन पाहिलं का?